ट्रॅक्टरचं सीट दिवाणखान्यात

आर्को नावाच्या दिव्याच्या बुडाशी कारारा संगमरवराचा एक पांढरा ठोकळा असतो. त्याचं वजन साधारण 65 किलो, आणि त्याला एक आरपार गोल भोक आहे. गुळगुळीत मासिकांतून या दिव्याचे फोटो पाहणाऱ्याला ते भोक म्हणजे कलावंताची लहर वाटते. कुणी त्यात शिल्पकलेचा प्रभाव शोधतं, कुणी अवकाश आणि वस्तुमान वगैरे शब्द वापरतं. पण ते भोक झाडूच्या दांड्यासाठी आहे. दिवा हलवायचा असेल तर भोकात दांडा घालायचा, दोघांनी दोन बाजूंनी धरायचा आणि उचलायचं. ठोकळ्याच्या कडा तासल्या आहेत त्याही येताजाता कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून.

आकिल्ले कास्तिल्योनी आणि त्यांचे थोरले भाऊ पिएर जाकोमो यांनी 1962 मध्ये हा दिवा केला. कास्तिल्योनींच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूबद्दल असंच होतं. प्रथम हसू येतं, मग थोडी शंका येते की हा माणूस आपली थट्टा तर करत नाही ना, आणि मग वस्तू वापरायला घेतली की कळतं, हे असंच असायला हवं होतं. घरगुती वस्तूंत गंमत आणणारे डिझाइनर गेल्या शतकात पुष्कळ झाले. बाटलीच्या बुचाला बाईचा चेहरा दिला, किटलीच्या तोटीवर पक्षी बसवला की पाहणारा खूश होतो. मिलानच्या या माणसाच्या वस्तूंतली गंमत मात्र वर चिकटवलेली नाही, म्हणून ती खरवडून काढता येत नाही. माणूस बसतो कसा, फोनवर बोलताना चाळे काय करतो, सिगारेट कुठे विसरतो, बरणीच्या तळाचं शेवटचं बोटभर मेयोनेझ कसं काढतो, हे इतक्या मन लावून पाहिल्यावर जे हाती लागतं, ते गमतीदारच असतं.

आकिल्ले यांचा जन्म 16 फेब्रुवारी 1918 चा, मिलानचा. वडील जान्नीनो कास्तिल्योनी हे शिल्पकार. मिलानच्या मुख्य कॅथीड्रलचं एक कांस्य दार त्यांच्या हातचं आहे, आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची इटलीतली काही मोठी स्मारकंही. घरात सतत माती, प्लास्टर, साचे. सर्वांत थोरले भाऊ लिव्हिओ 1911 चे, पिएर जाकोमो 1913 चे आणि आकिल्ले धाकटे. तिघेही वास्तुरचना शिकले आणि तिघेही वस्तूंकडे वळले. लिव्हिओ आणि पिएर जाकोमो यांनी लुइजी काच्चा दोमिनिओनी या मित्राबरोबर महायुद्धाच्या तोंडावर फोनोला कंपनीसाठी बेकलाइटचा एक रेडिओ केला. तोवरचे रेडिओ लाकडी कपाटासारखे दिसायचे. यांनी त्याला टेलिफोनसारखं यंत्राचं रूप दिलं. आकिल्ले यांनी 1944 मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकमधून पदवी घेतली आणि ते भावांना येऊन मिळाले.

तेव्हाचं मिलान बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं होतं. पण शहराच्या आसपास, विशेषतः ब्रिआन्झा भागात, सुतार, पत्रेकाम करणारे, गादीवाले, ओतारी यांचे छोटे कारखाने जिवंत होते. सकाळी कागदावर काढलेली वस्तू चार दिवसांत हातात देणारे कारागीर हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय इटालियन डिझाइनचं ते सगळं वैभव उभंच राहिलं नसतं. या तरुण वास्तुरचनाकारांना मोठ्या इमारती मिळत नव्हत्या. मग त्यांनी खुर्च्या, दिवे, रेडिओ आणि प्रदर्शनांचे मांडव केले. लिव्हिओ 1952 मध्ये स्वतंत्र झाले. उरलेले दोघे भाऊ पुढची सोळा वर्षं एकत्र राहिले, आणि त्या काळातल्या कामात एकाचं कुठे संपतं नि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे सांगणं अशक्य आहे.

1957 मध्ये कोमो शहरातल्या व्हिल्ला ओल्मोमध्ये एक प्रदर्शन भरलं होतं, आजच्या घरातले रंग आणि आकार अशा विषयाचं. त्यातली एक खोली या भावांनी सजवली. बाजारात मिळणाऱ्या, कुणी केल्या हे माहीत नसलेल्या साध्या वस्तू आणि स्वतःच्या वस्तू त्यांनी एकमेकींत मिसळून मांडल्या होत्या. त्या खोलीत दोन स्टुलं होती. पहिलं मेद्झाद्रो. शेतातल्या ट्रॅक्टरचं भोकं पाडलेलं पत्र्याचं सीट जसंच्या तसं उचललं, त्याखाली ट्रॅक्टरला असतो तसाच पोलादी पाटा वाकवून लावला, आणि मागे घसरू नये म्हणून जमिनीवर एक लाकडी आडवा दांडा दिला. सीट आणि पाटा हाताने पिळता येईल अशा एका नटाने जोडलेले. बस्स. नाव म्हणजे अर्धेलीने जमीन कसणारा शेतकरी. दुसरं स्टूल सेल्ला. रेसिंग सायकलचं कातडी सीट, त्याखाली गुलाबी रंगाचा दांडा आणि खाली बीडाचं अर्धगोल बूड. बसलं की ते डोलतं.

सेल्ला टेलिफोनसाठी होतं. फोन तेव्हा भिंतीला असायचा. बोलताना माणूस पूर्ण बसत नाही आणि पूर्ण उभाही राहत नाही. वजन या पायावरून त्या पायावर टाकतो, अर्धा वळतो. आकिल्ले यांचं म्हणणं असं की मला फोनवर हलत राहायला आवडतं, पण जरा टेकायलाही हवं असतं. त्या 'जरा टेकण्या'साठी जगात एकही आसन नव्हतं, ते त्यांनी केलं. त्यावर तासभर बसता येत नाही ही तक्रार खरी आहे, पण तासभर बसण्याचं वचन त्या स्टुलाने कधी दिलंच नव्हतं.

दोन्ही स्टुलं त्या वेळी कुणी कारखान्यात काढायला धजलं नाही. मेद्झाद्रोचं उत्पादन झानोत्ता कंपनीने 1970 च्या सुमारास सुरू केलं, सेल्लाचं तर 1983 मध्ये. सव्वीस वर्षं थांबलेलं स्टूल! दुसऱ्याच्या वस्तू उचलून जोडणं ही चोरी नव्हे काय, असंही विचारलं जातं. मार्सेल दुशांने सायकलचं चाक स्टुलावर बसवलं होतं त्याची आठवण समीक्षकांना हमखास येते. मला तो संबंध वरवरचा वाटतो. दुशांच्या चाकावर कुणी बसावं अशी अपेक्षा नव्हती. कास्तिल्योनी बंधूंनी ट्रॅक्टरचं सीट घेतलं ते दिवसभर खडबडीत जमिनीवर हादरे खाणाऱ्या माणसासाठी कुणा अनाम कारागिराने त्या पत्र्याला दिलेला बाक निर्दोष होता म्हणून. त्यात सुधारायला काही उरलं नसेल तर नव्याने कशाला काढायचा?

अशी अनाम हातांबद्दलची आस्था ज्यांनी पुण्याच्या केळकर संग्रहालयात पोपटाच्या, घोड्याच्या आकाराचे अडकित्ते पाहिले आहेत त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. सुपारी फोडायच्या कामात कुठेही कसर न ठेवता तो पोपट तिथे बसलेला असतो.

दिव्यांकडे येतो, कारण भावांचं सगळ्यात श्रीमंत काम तिथे आहे. आधी बल्ब हातात घ्यायचा, त्याला किती जागा लागते, तो किती तापतो, प्रकाश कुठे फेकतो ते बघायचं आणि मग दिव्याचा विचार करायचा, ही त्यांची रीत. 1954 च्या लुमिनातोरची नळी बल्बच्या होल्डरएवढीच जाड आहे, कारण त्याहून जाड असायचं कारण नाही. त्याचे तीन पाय वाहतुकीत त्याच नळीच्या पोटात जातात. 1962 च्या तोइओमध्ये मोटारीचा 300 वॅटचा हेडलाइट एका दांड्याच्या टोकाला बसवला. तो कमी दाबाच्या विजेवर चालत असल्याने ट्रान्सफॉर्मर लागणार होता, आणि तो जड असतो. मग तो लपवायचा कशाला? बुडाशी उघडा ठेवला, दिवा कलंडू नये म्हणून वजन हवंच होतं. वर जाणारी वायर लोंबू नये म्हणून गळाच्या काठीवर दोरा ओवायला असतात तशा कड्या लावल्या.

ताच्चाची गोष्ट लांबलेली आहे. खाली खाचा पाडलेला ॲल्युमिनियमचा खांब, त्यावर नुसता टेकवलेला पारदर्शक वाडगा आणि वर पांढरा परावर्तक. वाडगा हवा त्या दिशेला फिरवता येतो, आणि खांबाच्या खाचा उष्णता बाहेर टाकतात. 1958 मधला पहिला वाडगा प्लास्टिकचा होता. बल्बच्या उष्णतेने तो वितळून वाकडा झाला. योजना बाजूला पडली, आणि 1962 मध्ये काचेच्या वाडग्यासह दिवा बाजारात आला. काच जड, महाग, फुटणारी. पण दुसरा इलाज नव्हता. अर्धशतक उलटल्यावर एलईडी आले, दिवा तापेनासा झाला, आणि फ्लोस कंपनीने प्लास्टिकच्या वाडग्याचा ताच्चाही काढला.

फ्लोसचा जन्मही याच धांदलीतला. आर्तुरो आइझेनकाइल नावाचे एक उद्योजक अमेरिकेतून फवारून लावायचा प्लास्टिकचा पदार्थ आणत होते. मुळात तो लष्करी सामान हवाबंद गुंडाळण्यासाठी. कास्तिल्योनी बंधूंनी 1960 मध्ये तारेच्या सांगाड्यावर तो फवारला, आणि कोशातल्या रेशमासारखी दुधी कातडी असलेले ताराक्साकुम आणि व्हिस्कोन्तेआ हे दिवे तयार झाले. या दिव्यांच्या आधाराने दीनो गाव्हिना आणि चेझारे कास्सिना यांनी 1962 मध्ये फ्लोस उभी केली.

पुन्हा आर्को. जेवणाच्या टेबलावर वरून प्रकाश हवा, पण त्यासाठी छताला भोक पाडलं की टेबल कायमचं त्या भोकाखाली अडकतं. रस्त्यावरचा दिव्याचा खांब बाजूला उभा राहून रस्त्याच्या मधोमध उजेड टाकतो. मग घरात का नको? दांडा कमानीसारखा इतका लांब की टेबलाशी बसलेल्या माणसाच्या पाठीमागून ट्रे घेतलेला दुसरा माणूस आरामात जाईल. पोलादी दांड्याचे तुकडे एकमेकांत सरकतात, वायर त्यांच्या आतून जाते. एवढी कमान तोलायला खाली वजन हवं, आणि संगमरवर इटलीत स्वस्त होता.

आज आर्को स्वस्त नाही. तो श्रीमंत दिवाणखान्याची खूण झाला आहे, अनेक घरांत तर त्याच्याखाली टेबलही नसतं. याचं मला वाईट वाटतं. छताला भोक न पाडता दिवा हवा असणाऱ्या भाडेकरूचा प्रश्न सोडवणारी वस्तू भाडेकरूच्या आवाक्याबाहेर गेली. नकला अर्थातच निघाल्या. चीनहून आणलेल्या तशाच एका दिव्यावरून फ्लोसने केलेला दावा युरोपीय न्यायालयापर्यंत पोचला, आणि 2011 च्या त्या निकालाने औद्योगिक वस्तूच्या रचनेला कॉपीराइटचं संरक्षण मिळू शकतं या बाजूला बळ दिलं. डिझाइनरचा हक्क मी मानतोच. तरी झाडूच्या दांड्याचं भोक वकिलांच्या युक्तिवादात जाऊन बसावं, हा त्या वस्तूचा विचित्र प्रवास आहे.

1968 मध्ये पिएर जाकोमो गेले. त्यांचं वय पंचावन्न. आकिल्ले पन्नाशीचे होते आणि प्रौढपणी त्यांनी एकट्याने जवळपास काही केलेलंच नव्हतं. या माणसाच्या चरित्रातली सर्वांत अवघड जागा ही. पुढे काय झालं ते पारेन्तेझी या दिव्यात दिसतं. पिओ मानझू हा हुशार तरुण डिझाइनर 1969 मध्ये मोटार अपघातात वारला. त्याच्या कागदांत एका दिव्याची कल्पना होती: जमिनीपासून छतापर्यंत उभा दांडा, त्यावर वरखाली सरकणारा आणि स्क्रूने आवळायचा दिवा. आकिल्ले यांनी त्याच्या पत्नीची परवानगी घेऊन त्यावर काम केलं. दांडा काढून त्यांनी ताणलेली पोलादी तार लावली. वर छताला हूक, खाली रबराने मढवलेलं शिशाचं वजन. स्क्रूही काढून टाकला. त्याऐवजी कंसासारखी वाकवलेली एक नळी तारेत ओवली. त्या बाकामुळे होणाऱ्या घर्षणानेच ती जिथे सोडाल तिथे थांबते. हाताने वर ढकला, वर थांबेल. 1971 मध्ये तो दिवा सुट्या भागांच्या पाकिटात विकायला आला, घेणाऱ्याने घरी जोडायचा. 1979 मध्ये त्याला इटलीचा सर्वांत मानाचा डिझाइन पुरस्कार, कोंपास्सो दोरो, मिळाला. दिव्यावर आजही दोन नावं आहेत, मानझू आणि कास्तिल्योनी. भाऊ गमावलेल्या माणसाने एका मेलेल्या तरुणाच्या कागदांशी बसून केलेलं हे काम मला त्यांच्या सगळ्या विनोदी वस्तूंइतकंच प्रिय आहे.

नंतरची तीसेक वर्षं ते एकट्याने काम करत राहिले आणि हसू कायम राहिलं. 1971 चा स्पिराले हा ॲशट्रे घ्या. आकिल्ले स्वतः सिगारेट ओढायचे आणि कामाच्या नादात ती विसरायचे. सिगारेट जळत मागे सरकते, तोल जातो आणि टेबल भाजतं. त्यांनी वाटीच्या कडेला स्प्रिंगचं वेटोळं बसवलं. दोन वेढ्यांत सिगारेट अडकवली की विसरा, ती जागच्या जागी संपते. स्प्रिंग काढून धुताही येते. आलेस्सी कंपनीसाठी 1980 नंतर त्यांनी तेल आणि व्हिनेगरच्या बाटल्या केल्या. बाटली कलती केली की झाकण मागच्या वजनाने आपोआप उघडतं, सरळ केली की मिटतं, म्हणजे दुसरा हात मोकळा. तेलाची बाटली मोठी आणि व्हिनेगरची लहान, कारण सॅलडमध्ये तेल जास्त लागतं. जुन्या संचांत दोन्ही बाटल्या सारख्या असायच्या, आणि शोभा सोडली तर त्याला काहीच कारण नव्हतं. कुमानो हे फ्रेंच कॅफेत असतं तसं मिटायचं लोखंडी टेबल. यांनी त्याच्या वरच्या पत्र्याला एक भोक पाडलं, की काम झाल्यावर ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगता येईल.

भावाच्या हयातीतल्या बागेतल्या आसनाचाही उल्लेख करायलाच हवा. चंद्रावर उतरण्याच्या तयारीच्या बातम्यांचे ते दिवस होते. अल्लुनाज्जो हे तीन लांब, पसरट पायांचं हिरवं आसन जमिनीला फक्त तीन ठिकाणी टेकतं, आणि त्याची सावली इतकी कमी पडते की खालचं गवत पिवळं पडत नाही. बसणाऱ्याबरोबर गवताचाही विचार केला आहे. क्राफ्ट कंपनीसाठी 1962 मध्ये भेट म्हणून द्यायला केलेला प्लास्टिकचा मेयोनेझचा चमचाही असाच: टोकाचा बाक बरणीच्या आतल्या वळणाला नेमका बसतो, दांड्यावर अंगठ्याला जागा आहे. तीन दशकांनी आलेस्सीने तोच चमचा पुन्हा काढला.

सगळंच साधलं असं नाही. 1965 चा ब्रिओन्वेगा कंपनीचा रेडिओ-ग्रामोफोन चाकांवर फिरतो, त्याचे स्पीकर वर रचता येतात किंवा बाजूला लावता येतात, आणि बटणांची मांडणी पाहून कुणाचा तरी चेहरा आपल्याकडे बघतोय असं वाटतं. लोभस वस्तू आहे, पण मला त्यात चेहरा आधी आणि वापर मागून आल्यासारखा दिसतो. डेव्हिड बोवी या गायकाकडचा असा एक संच 2016 मध्ये लंडनच्या लिलावात 2,57,000 पौंडांना गेला. हजार पौंडांच्या आसपास अंदाज होता.

आकिल्ले यांचा स्टुडिओ मिलानमध्ये पिआत्सा कास्तेल्लो 27 इथे, स्फोर्त्सा घराण्याच्या किल्ल्यासमोर होता. त्यांच्यानंतर तो त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे आला. त्यांची मुलगी जोव्हान्ना येणाऱ्यांना तो दाखवायची, वस्तू हातात द्यायची, स्टुलांवर बसायला लावायची. तिथल्या कपाटांत त्यांच्या स्वतःच्या वस्तूंपेक्षा जास्त मोलाचा एक साठा होता: आयुष्यभर बाजारांतून, प्रवासांतून, खेळण्यांच्या दुकानांतून गोळा केलेल्या स्वस्त वस्तू. वेगवेगळ्या कामांच्या कात्र्या, चष्मे, खुळखुळे, हातोड्या. दूध काढणाऱ्याचं, कमरेला पट्ट्याने बांधायचं एकाच पायाचं स्टूल. तोरिनो आणि मग मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला जाताना ते यातल्या वस्तू पिशवीत भरून न्यायचे आणि एकेक बाहेर काढून टेबलावर मांडायचे. एखादी कात्री अशी का वळली असेल, हा प्रश्न सुटल्यावरच पुढे जायचं. ज्याला कुतूहल नाही त्याने या धंद्यात पडू नये, हे ते विद्यार्थ्यांना बजावून सांगत. दुसरं सांगणं असं की प्रत्येक कामात एक मुख्य गोष्ट असते, ती शोधा आणि बाकीचं काढत चला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1997 मध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याची आखणी करणाऱ्या पाओला आन्तोनेल्ली मिलानच्याच पॉलिटेक्निकच्या. आकिल्ले 2 डिसेंबर 2002 रोजी गेले.

नऊ कोंपास्सो दोरो मिळवणाऱ्या या माणसाला सर्वांत अभिमान कशाचा होता, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगून ठेवलंय. आर्कोचा नव्हे, एका स्विचचा. टेबलावरच्या दिव्याच्या वायरीत मध्येच असतो तो. रोम्पीत्रात्ता हे त्याचं नाव, 1968 मध्ये व्हीएलएम कंपनीसाठी दोघा भावांनी मिळून केलेला, म्हणजे जोडीच्या शेवटच्या कामांपैकी. अंधारात वायरीवरून हात फिरवला की बोटांना तो लगेच सापडतो, त्याच्या गोलाईवरून कळतं सरकणारं बटण कुठल्या बाजूला आहे, आणि सरकवलं की टक् असा स्वच्छ आवाज येतो, म्हणजे काम झाल्याची खात्री कानालाही पटते. तो लाखोंनी खपला आणि अजून खपतो आहे. त्यावर सही नाही, संग्रहालयाच्या दुकानात काचेखाली तो ठेवलेला नसतो, आणि विकणाऱ्यालाही तो कुणी केला याचा पत्ता नसतो. आकिल्ले यांना याचाच आनंद होता. इटलीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गिऱ्हाईक जातं, दिव्याच्या वायरीला बसवायचा एक स्विच द्या म्हणतं, आणि दुकानदार खोक्यातून तो काढून देतो.